स्वयंपाकघरापलीकडचं दार

किल्लीवाला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा गेला तो पेशंट म्हणून नाही, कपाट उघडायला म्हणून. त्यांच्या दवाखान्यातल्या फायलींच्या कपाटात किल्ली मोडली होती. त्याने चिमट्याने तुकडा काढला, कानशीने नवी किल्ली घासली, कपाट लावलं, उघडलं, परत लावलं, हँडल दोनदा ओढून पाहिलं आणि जिना उतरून गेला. मग जिना चढून परत आला आणि हँडल तिसऱ्यांदा ओढलं.

"दिवसातून किती वेळा होतं असं?" बाईंनी विचारलं.

गल्लीत त्याला सगळे 'खातरजमा' म्हणायचे. त्याला वाटलं, बाईपण थट्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या. तेव्हा हा स्टुलावर टेकला आणि हळूच म्हणाला, "कुलपांचं काही नाही हो. ते धंद्याला बरंच आहे. घरचं आहे..."

घरचं म्हणजे असं. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. तिचं हे दुसरं लग्न, त्याला चार वर्षं झाली होती. पहिला नवरा पाट्या रंगवायचा. शिडीवरून पडला आणि गेला बिचारा. आता मेलेल्या माणसाचा कसला मत्सर करायचा, असं कुणीही म्हणेल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जिवंत माणूस एखाद्या दिवशी खेकसतो, आजारी पडतो, त्याचं पोट सुटतं. मेलेल्याचं काय बिघडणार? तो आपला कायमचा तिशीतला, देखणा, हसतमुख. शहरात जिथे बघावं तिथे त्याच्या हातची वळणदार अक्षरं. न्हाव्याच्या दुकानावर तीच, शाळेच्या फाटकावर तीच. एवढंच काय, खातरजमाच्या स्वतःच्या दुकानाची पाटीसुद्धा त्यानेच रंगवलेली. लग्नानंतर आठवड्याभरात याने ती खरवडून काढली आणि स्वतः रंगवली. अक्षरं वाकडीतिकडी आली. बायकोची नजर मात्र वर गेलीच.

त्या दिवसापासून एक विचार डोक्यात घुसला. तिला अजून तोच हवा आहे. किल्ली घासताना, आंघोळ करताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, मध्येच तो विचार खटका पडावा तसा पडायचा. मग घरी जाऊन तिला विचारल्याशिवाय चैन नाही. "त्याची आठवण येते का?" ती नाही म्हणाली की दहा मिनिटं बरं वाटायचं. अकराव्या मिनिटाला पुन्हा विचारायचं. शेवटी तीही माणूसच. एके दिवशी ताट तसंच ठेवून म्हणाली, "अहो, मी त्याला विसरेनही कदाचित. पण तुम्ही विसरू देत नाही. आता पुन्हा विचारलंत तर मी भावाकडे जाईन, आणि परत येणार नाही." ती पोकळ धमक्या देणाऱ्यातली नव्हती. त्याच्यासारख्या कोरड्या माणसाच्या घरात गाणं गुणगुणणारी, त्याच्या वाकड्या पाटीवरून त्यालाच हसवणारी ती एकच होती. ती गेली असती तर त्याच्याकडे कुलपांशिवाय काही उरलं नसतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, विचार येणारच, त्याला हाकलायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. आला की येऊ द्यायचा, बसू द्यायचा, कंटाळून जाईल. पण बायकोला विचारायचं नाही म्हणजे नाही. आणि त्याला वाईट स्वप्नं पडायची, म्हणून आणखी एक गोष्ट शिकवली. दिवसातून दहा वेळा खिशातली एखादी किल्ली काढायची, तिच्यावरचा नंबर वाचायचा, नजर वळवायची आणि परत वाचायचा. जागेपणी नंबर तोच राहतो, स्वप्नात बदलतो. सवय लागली की स्वप्नातही हात आपोआप खिशात जाईल. नंबर बदललेला दिसला की ओळखायचं, हे स्वप्न आहे, आणि घाबरायचं सोडून द्यायचं.

"घाबरायचं नाही, एवढ्यासाठीच हं," बाई म्हणाल्या. "तिथे जाऊन काही शोधत बसायचं नाही."

महिनाभर काही झालं नाही. मग एका रविवारी, दुपारी जेवून दोघं आडवी झाली असताना, तो घरातच उभा होता. हात खिशात गेला. किल्लीवर एकशे बारा. नजर वळवून पाहिलं तर आठशे सात. अस्सं, म्हणाला तो मनाशी. भीती गेली. घर जसंच्या तसं होतं, फक्त दुपार असून उजेड करडा होता आणि रस्त्यावरचा एकही आवाज आत येत नव्हता. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे, जिथे खरं तर नुसती भिंत आहे, तिथे एक दार होतं. दारामागून रंगातल्या टर्पेंटाइनचा वास येत होता. कोणीतरी बोलत होतं... अगदी हळू, दुपारी झोपलेलं कुणी उठू नये म्हणून बोलावं तसं. मग एक हसणं ऐकू आलं. ते हसणं बायकोचं होतं.

तो दचकून जागा झाला. बायको शेजारी झोपली होती. तिचे ओठ हसरे होते. झोपेतच ती पुटपुटली, "अरे, सांडलास ना..."

याला ती कधी 'अरे' म्हणाली नव्हती.

आता शहाण्याने काय केलं असतं? उठून तोंड धुतलं असतं, बाईंना जाऊन सांगितलं असतं. पण याचं डोकं वकिलासारखं चालायला लागलं. जागेपणी विचारायचं नाही असं ठरलं होतं. स्वप्नात शोधायचं नव्हतं, पण ऐकू नये असं कोणी म्हटलं होतं? झालं. रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून हा घरी येऊन, बालवाडी सुटून आलेल्या बायकोशेजारी आडवा व्हायला लागला. रोज ते दार. रोज तो कान लावून उभा. ब्रशाचा भिंतीवर सपसप आवाज यायचा, तिचं बोलणं यायचं, आणि मध्ये मध्ये एका पुरुषाचं थोडक्यात 'हं'. त्या 'हं'मध्ये इतकी स्वस्थता होती की याच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

गंमत म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तो बरा होत चालला होता. घरी एकदाही विचारलं नाही. बाई खूश. बायको तर इतकी सुखावली की एका संध्याकाळी आपणहून त्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "दोन महिने झाले, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला कळतंय हं, किती कठीण गेलं असेल." याने तिच्या केसांवरून हात फिरवला. मनात म्हणत होता, दुपारी कोणाबरोबर असतेस ते मला विचार. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने एक कुलूप बनवायला घेतलं. दारात बसवायचं, चौकटीत शिरणाऱ्या जाड जिभेचं, फक्त बाहेरून किल्ली लागणारं. कोणी मागितलं नव्हतं. त्याने त्याचा प्रत्येक भाग इतक्या वेळा उघडला आणि जोडला की डोळे मिटूनही बोटांना तो पाठ झाला. स्वप्नात नेता येतं ते तेवढंच, हाताला पाठ असलेलं.

त्याच्या उस्तादाने धंद्याचा पहिला नियम शिकवला होता. नवं कुलूप बसवलं की दार उघडं ठेवूनच किल्ली फिरवून बघायची, आणि दार ओढण्याआधी आत डोकावून विचारायचं, कोणी आहे का? एकदा त्याच उस्तादाने चुकून एका म्हातारीला तिच्याच कोठीच्या खोलीत कोंडलं होतं. खातरजमाने हा नियम वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. लोक हसायचे, तरी रिकाम्या कपाटातसुद्धा तो "कोणी आहे का?" म्हणायचा.

त्या दुपारी स्वप्नात त्याने कुलूप बसवलं. दार आधीपासूनच बोटभर उघडं होतं. फटीतून त्याला शिडी दिसली, आणि शिडीवर पाठमोरा उभा माणूस. सडपातळ, मानेवर रंगाचा शिंतोडा. वळेल म्हणून हा थांबला, पण तो वळला नाही. त्याला कसली घाईच नव्हती, आपलंच घर असल्यासारखा रंगवत होता. तेवढं याला पुरलं. आत डोकावणं नाही, विचारणं नाही. दार खाडकन ओढलं आणि किल्ली दोनदा फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हँडल ओढून पाहिलं नाही.

आतला ब्रश थांबला. मग अगदी दाराशी, बायकोच्या आवाजात...

"अहो?"

तो उठून बसला, घामाने निथळत. बायको पलंगाच्या कडेला बसून वेणी घालत होती. याचा जीव भांड्यात पडला. "चहा ठेवते," ती म्हणाली आणि गेली.

चहा नेहमीसारखाच होता. दुसऱ्या दिवशीचाही, तिसऱ्याचाही. ती वेळेवर बालवाडीत जायची, वेळेवर यायची, विचारलं तेवढं बोलायची. फक्त गुणगुणणं बंद झालं. पाटीकडे बघणं बंद झालं. बालवाडीतली मुलं तिच्याजवळ जात नाहीत, असं तिथल्या सेविकेने त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं. झोपली की चेहरा, सगळी माणसं गावाला गेलेल्या घरासारखा रिकामा असायचा. आठव्या दिवशी त्याला राहवलं नाही. सगळी वचनं मोडून त्याने विचारलं, "त्याची आठवण येते का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. ना राग, ना कंटाळा.

"कोणाची?"

हेच उत्तर मिळावं म्हणून तो चार वर्षं तळमळला होता. आता मिळालं तर त्याला आपला प्रश्नच परत घ्यावासा वाटला.

त्यानंतर तो रोज दुपारी डोळे मिटून पडून राहायचा, पण झोप येईना. आली तर स्वप्न पडेना. खरी बायको मी स्वप्नातच कोंडून आलो, म्हणत बाईंकडे जाऊन रडला. त्या म्हणाल्या, हाही विचारच आहे, बसू द्या त्याला. कसा बसू देणार? तो खरा असला तर?

कुलूप लावल्यापासून एकोणिसाव्या दिवशी ते स्वप्न एकदाचं पडलं. किल्लीचा नंबर बघायलाही तो थांबला नाही. धावत दाराशी गेला, किल्ली लावली, दोनदा उलटी फिरवली. जीभ मागे सरकल्याचा आवाज स्पष्ट आला. त्याने दार ढकललं. उघडेना. खांदा लावला. वरच्या बाजूला काहीतरी अडत होतं. कुलपं बसवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते चाचपायची गरज नव्हती. आतून कडी लावलेली होती. त्याने बसवली नव्हती ती.

"अगं, मी आहे," तो दारावर हात मारत म्हणाला. "चूक झाली माझी. उघड... तू ये बाहेर. तो राहू दे. मी कुलूप काढून टाकतो..."

आत ब्रश चालू होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, पण याला नाही, "अरे, कोणीतरी आलंय वाटतं."

"हं," आतला पुरुष म्हणाला. आणि मग, "असू दे."

आणि ती हसली. ओळखीचं, पोटातून आलेलं हसू, वाकड्या पाटीवर हसायची तसलंच. हा दारावर मुठी आपटत राहिला, हात सुन्न होईस्तोवर.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. बायको स्वयंपाकघरात होती. त्याच्यापुढे चहा ठेवून ती समोर बसली. कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली.

"असं दार वाजवत जाऊ नका. झोपमोड होते."

दाराबद्दल त्याने तिला कधी काही सांगितलं नव्हतं. त्याने उचललेला कप हातातच कलला.

"कोणाची?" त्याने विचारलं.

"आमची," ती म्हणाली, आणि चहा सांडेल म्हणून त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला.