सकाळी मुका होणारा फोन

सकाळी कामावर पोचले तर माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा.

"कोण आहे तिथे?" मी शक्य तितक्या करड्या आवाजात विचारलं.

"फोनवाला," खालून उत्तर आलं. "तुमचा फोन मुका झालाय ना... म्हणून."

मग तो बाहेर आला. केसांत जळमट, हातात टॉर्च, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की माझा करडेपणा कुठल्या कुठे पळाला.

दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देण्याचं माझं काम. डॉक्टरबाईंनी मला तात्पुरतं घेतलेलं. कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीस ठरणार होतं. आणि नव्या, इंटरनेटवर चालणाऱ्या फोनांपैकी नेमका माझाच रोज सकाळी बंद. भिंतीतून एक वायर फोनला, फोनमधून दुसरी माझ्या लॅपटॉपला, त्यामुळे फोन गेला की लॅपटॉपही बसायचा.

"एकाच वायरीतून दोघं जातात," त्यानं समजावलं, "पण वाटा वेगळ्या आखून दिल्यात. बोलणं आधी, बाकीचं मागून."

"कोण आखतं?"

"मीच. वरच्या खोलीत स्विच नावाचा डबा आहे, सगळ्या वायरी तिथे येतात. काही गडबड वाटली की तो त्या वायरीचं भोक, म्हणजे पोर्ट, बंद करतो. मी जाऊन उघडतो."

"पण माझाच का?"

"बघू..." तो म्हणाला आणि उगाचच टॉर्च चालू-बंद करत राहिला.

मग तो रोजच यायला लागला. वर जाऊन पोर्ट उघडायचा, खाली येऊन समोरच्या बाकावर बसायचा आणि तिथल्या फोनवरून मला फोन लावायचा.

"ऐकू येतंय?"

"तुम्ही समोरच बसलाय."

"फोनमधून विचारतोय."

"येतंय."

"मग अजून थोडं बोला. एवढ्याशावरून काय कळणार?"

घरी ताईला हे सांगितलं, तर ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागली. "बाई गं, तो फोनसाठी येतो की तुझ्यासाठी?"

"फोनसाठीच."

"मग फोन नीट का होत नाही?"

रोज दवाखान्याची पायरी चढताना मी मनात म्हणायचे, फोन चालू असू दे. लगेच दुसरं मन म्हणायचं, आजचा दिवस बंदच असू दे. माझं मलाच कळेनासं झालं होतं.

मग डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. "सकाळचे पेशंट कंटाळून दुसरीकडे जातात. उद्याही फोन लागला नाही, तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप पिशवीत भरला. फोनमधून लॅपटॉपला येणाऱ्या वायरीचं मोकळं टोक लोंबत राहिलं. लोंबणारं काही मला बघवत नाही. रोजच्यासारखं ते मी भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचलं आणि मान वर केली. तो समोर उभा होता, चेहरा उतरलेला. उद्या फोन चालायलाच हवा, असा बाईंचा निरोप त्यालाही गेला होता.

"ते... काढा."

"का? रोज खोचते मी."

"माहितीये. फोनच्या दोन्ही वायरी भिंतीत गेल्या की फोनमधून निघालेलं परत स्विचमध्येच येतं आणि गोल गोल फिरत राहतं. म्हणून तो तुमचा पोर्ट बंद करतो. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशाला आलो असतो..."

मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "माझी नोकरी जातेय उद्या," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नोकरी? मला वाटलं, नुसती गैरसोय..." वाक्य अर्धंच टाकून तो केबिनमध्ये गेला. दार उघडंच राहिलं.

"चूक माझी आहे. कारण माहीत असून मी त्यांना सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

मग त्यानं खरं ते सांगून टाकलं, डॉक्टरबाईंना, अगदी सरळ.

"मुलगी राहील कामावर," बाई शेवटी म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना मात्र मला कळवावं लागेल."

"कळवा."

बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "उद्यापासून बहुतेक दुसरा माणूस येईल," तो म्हणाला.

"मला तुमचा फार राग आलाय."

"यायलाच हवा."

"आणि आत बोललात ते बाईंना आधी का? मला का नाही?"

"तुमच्यासमोर धीर होत नव्हता."

"मग आता करा."

त्यानं केला. अडखळत, जमिनीकडे बघत... पण शेवटचे शब्द माझ्याकडे बघून. "मला तुम्ही आवडता."

मी पिशवी खांद्याला लावली, दिवे घालवले. "स्टॉपपर्यंत चला," मी म्हणाले. "अजून पुरतं रागावून झालेलं नाही माझं."

स्टॉप समोरच होता. आम्ही लांबच्या रस्त्यानं गेलो.