उशीवरून दिसणारी वाट

पाण्यातली बाग लावणाऱ्यांची एक लबाडी असते, ती आधीच सांगून टाकते. काचेची टाकी पुढून मागे जेमतेम दोन फूट असते, पण बघणाऱ्याला ती लांबवर पसरलेली वाटली पाहिजे. म्हणून मोठ्या पानांची झाडं पुढे लावायची, बारीक पानांची मागे. माती मागे चढती ठेवायची. वाळूची वाट पुढे चार बोटं रुंद घ्यायची, मागे नेता नेता काडीएवढी करायची आणि शेवटी एखाद्या दगडाआड वळवून दिसेनाशी करायची. पुढचं सगळं डोळा आपणहून गृहीत धरतो. मागची काच कुणाला आठवतसुद्धा नाही. बँकांत, दवाखान्यांत, हॉटेलांत वीस वर्षं मी हेच करत आले. लोक "अहाहा" करतात आणि मला मनातल्या मनात हसू येतं.

दादासाठी लावलेल्या टाकीला मात्र मी हसले नाही.

दादा माझा थोरला भाऊ. पाणीखात्यात होता. शहराला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळाच्या कडेकडेनं मैलोनमैल चालायचं आणि कुठे गळतंय का ते बघायचं, हे त्याचं काम. घरात दोन तास बसवलं तर भांडण काढायचा. असा माणूस एका उतारावरून घसरला, कमरेखाली लुळा पडला आणि माझ्या मागच्या खोलीत खाटेवर आला. पहिलं वर्षभर माझ्याशी कडाकडा भांडला. दुसऱ्या वर्षी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मग ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, "असंच चाललं तर दोन महिने काढतील की नाही, शंका आहे." आम्हा दोघांना दुसरं कुणी नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पाच फूट लांबीच्या टाकीची ऑर्डर दिली.

टाकी त्याच्या खाटेसमोर बसवली. एरवी मी उभ्या माणसाच्या नजरेनं बाग लावते. इथे बघणारा एकच, आणि तोही आडवा. म्हणून दर थोड्या वेळानं जायचं, त्याच्या उशीवर डोकं टेकायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि परत येऊन दगड बोटभर सरकवायचा.

"ठमे, उशी भिजवू नकोस माझी," दादा भिंतीकडे बघतच म्हणाला.

"मग वळून सांग, वाट कशी दिसतेय ते."

"काहीही कर."

चौथ्यांदा उशी ओली झाल्यावर तो वैतागून वळला. बराच वेळ बघत राहिला. "डावीकडचा धोंडा मागे घे जरा," तो म्हणाला. "वळणावर माणूस जाईल एवढी जागा सोडायची असते. एवढंही कळत नाही?"

माझा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांनी तो मला शिकवायला लागला होता.

दोनेक आठवड्यांत झाडं रुजली, पानांवर हवेचे बारीक बुडबुडे धरायला लागले. मग मी छोटे मासे सोडले. दादा जेवायला लागला. मग मागून घ्यायला लागला. एकदा तर ताट पुढे करून म्हणाला, "वाढ अजून. आज पार पुलापर्यंत गेलो होतो."

"कुठला पूल?"

"वळणापलीकडचा."

"वळणापलीकडे काच आहे, दादासाहेब."

"तू उभी राहून बघतेस. तुला काय दिसणार, कपाळ!"

थापा मारतोय तर मारू दे, म्हटलं. जेवतोय ना, मग झालं.

त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. स्वभावानं कडक, हसणं माहीतच नाही. एका सकाळी त्याचा पाय हातात धरून त्या मध्येच थांबल्या.

"यांना चालवतं कोण?"

"कुणी नाही हो. कसं चालवणार?"

"मला सांगू नका. ही चालणाऱ्या माणसाची पोटरी आहे." त्यांनी त्याची टाच माझ्याकडे वळवली. कातडी घट्ट झाली होती, कडेला भेगा होत्या. दादा साळसूदपणे छताकडे बघत होता.

त्या शनिवारी छाटणी झाल्यावर मी दगडामागची काच पुसायला हात घातला. कोपरापर्यंत गेला. दंडापर्यंत गेला. खांद्याला पाणी लागलं, गाल काठावर दाबला गेला, तरी बोटांना काच लागेना. तिथलं पाणी गार होतं आणि सावकाश वाहत होतं. हात काढला, टेप आणली, बाहेरून मोजलं. दोन फूट. पुन्हा मोजलं. दोन फूटच.

मी भ्यायला हवं होतं. भ्याले नाही. टेप खाली ठेवली, जमिनीवर गुडघे टेकले आणि दादाच्या उशीवर डोकं ठेवलं.

आधी नेहमीचंच दिसलं. मग नजर बसली. दगडाच्या पलीकडे वाट चढत होती. दोन्ही बाजूंना झाडी, तिच्यामागे आणखी झाडी, आणि सगळ्यांच्या मागून उजेड येत होता. मी विकत आणलेल्या दिव्याचा तो उजेड नव्हता. माझे छोटे मासे रांगेनं निघाले होते. मोहरीएवढे झाले, तिळाएवढे झाले आणि तरीही पुढे जातच होते. अगं आई गं, एवढंच माझ्या तोंडून निघालं. वीस वर्षं मी लोकांना जे खोटं दाखवत आले ते इथे खरं होतं, आणि ते माझ्या हातून झालं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दिसलं ना?" दादा कानाशी हळूच म्हणाला.

त्यानंतर तो लांब लांब जायला लागला. डोळे उघडे, नजर टाकीत, हाक मारली तरी ओ नाही. आधी दहा मिनिटं, मग तास-तास. परतला की गाल लाल, कपाळावर घाम, आणि स्वारी खूश. एके दिवशी म्हणाला, "शेवटी एक घर दिसतंय गं. आत डोकावून येतो एकदा." भिंतीकडे तोंड केलेला भाऊ मी कसाबसा परत मिळवला होता. आता तोच हसत हसत हातचा चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डोळे मिटून पडला होता. जाताना त्याचे डोळे नेहमी उघडे असायचे, म्हणून मला वाटलं, झोपलाय. दाट पानांच्या झाडाच्या वीस काड्या मी चिमट्यानं वळणावर एकाला एक लागून रोवल्या. वाट बंद केली आणि चहा करून आणला.

"दादा, चहा."

त्याचा हात गार लागला. श्वास चालू होता, पण एका श्वासानंतर दुसरा येईपर्यंत मी चारदा हाक मारली.

मी टाकीकडे धावले. काड्या उपसल्या. त्यांच्यामागे आणखी होत्या. त्या मी लावल्या नव्हत्या. हात पोचेल तिथवर सगळं गच्च भरलं होतं.

उपटत राहिले. बोटं बधिर झाली. "चुकले रे मी. ये ना रे, दादा!"

हात पुरेना.

मी खाली बसले. तेवढ्यात एक काडी वर आली आणि पाण्यावर तरंगायला लागली. मग दुसरी. मग एकदम पाच-सहा.

एक उचलून बघितली. ती उपटलेली नव्हती. कात्रीनं कापलेली होती, पेराच्या जराशी वर, तिरकी. मी कापते तशी.

माझी कात्री मागे टेबलावर होती.

सगळा पृष्ठभाग हिरवा होईपर्यंत काड्या येत राहिल्या. मग थांबल्या. खाटेवर दादा जोरात खोकला.

मी त्याला गच्च मिठी मारली. त्यानं माझ्या पाठीवर हात फिरवला, गार झालेला चहा घटाघटा प्यायला.

"मीच बंद केली रे वाट," मी म्हटलं.

"कळलं मला."

"कापली कुणी? तू?"

"मला कुठलं येतंय असं कापायला! तिनं कापली."

"कोण ती?"

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. "मला आधी वाटलं, तूच. त्या घरात राहते. मला दादा म्हणाली. दारातच माझा हात धरून किती वेळ उभी होती. सोडवेना तिला. मग म्हणाली, जा लवकर, ठमी रडत असेल."

मी त्याचा हात धरला.

"तिच्या खोलीत अशीच टाकी आहे," दादानं कप खाली ठेवला. "समोर अशीच खाट आहे. खाट रिकामी होती गं."