एका खांबाची ओळ

चहा यायच्या आत वृषाली खटावकरांचे एकोणचाळीस निरोप वाचून झाले होते. त्यांतले सतरा तबल्याच्या बोलांचे होते. मिरजेतले गुरुजी शिष्यांना मोबाइलवर कायदे, म्हणजे बोलांच्या रचना, लिहून पाठवायचे आणि 'धागे तिरकिट' दिसलं की गाळणी बिचकायची. मग तो निरोप वृषालीताईंच्या पडद्यावर यायचा. त्या 'निर्धोक' लिहिलेली हिरवी कळ दाबायच्या आणि पुढच्या निरोपाकडे वळायच्या. चार वर्षं हेच चाललं होतं. तबल्यावर थाप मारता येत नसली तरी चुकलेला बोल आता त्यांना वाचून ओळखता यायचा.

सरकारने कूटलेखनावर बंदी घातली त्यालाही चारच वर्षं झाली होती. पूर्वी निरोप फोनमधून निघतानाच त्याला कुलूप लागायचं आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनमध्ये ते उघडायचं. मधल्या कुणी पाहिलंच तर हाती अक्षरांची नुसती खिचडी लागायची. कायद्याने हे कुलूप काढून घेतलं. बँका, लष्कर आणि मंत्र्यांचे फोन तेवढे वगळले. कायद्याचं नाव दोन ओळींचं होतं. लोकांनी दारूबंदीच्या चालीवर त्याला कुलूपबंदी म्हणायला सुरुवात केली, आणि ती दारूबंदीइतकीच यशस्वी झाली.

गाळणी हे या कायद्याचं यंत्र. प्रत्येक निरोपाला ते एक गोंधळांक द्यायचं. साध्या मराठीत काही अक्षरं सारखी डोकावतात, काही क्वचित येतात. कुलूप लावलेल्या मजकुरात सगळी सारख्याच संख्येने येतात. अंक वाढला की निरोप माणसाकडे. वृषालीताईंच्या वाट्याला स्तोत्रं, पाककृती, बोल आणि विणकाम आलं होतं, कारण वाचन कक्षात त्या एकट्याच बाई होत्या आणि साहेबांच्या मते ही बायकांची खाती होती.

दुसऱ्या बाई सलमा मुजावर, पण त्या खालच्या मजल्यावर यंत्राच्या देखभालीला. चहा घेऊन त्या वर आल्या.

"घावलं का कोण, ताई?"

"तिरकिट घावलं."

सलमा खुर्ची ओढून बसल्या. "ज्याला खरंच लपवायचंय तो असलं लिहितोय कशाला? त्यो सकाळी सहाला गुलाबाचं फूल पाठवतोय, शुभ सकाळ म्हणून. फुलातल्या एका ठिपक्यात लाल रंग जरा कमी, दुसऱ्यात जरा जास्त. डोळ्याला कळत न्हाई, पण आख्खं पत्र मावतंय त्यात. जिल्ह्यात रोज वीस लाख गुलाब जात्यात. कुठला उपटायचा?"

"वर कळवलंस?"

"तीनदा. तिसऱ्यांदा साहेबांनी उत्तरादाखल गुलाबच पाठवला."

वृषालीताई हसल्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने बहिणीला अक्षरं उलटी लिहून निरोप पाठवला होता. वृषालीताईंनी नियमाप्रमाणे लाल कळ दाबली. लाल कळ म्हणजे 'कूट'. ती दाबली की मजकूर आणि पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा राज्यातल्या नऊशे परवानाधारकांना, म्हणजे इतरांचे निरोप वाचायची सरकारी मुभा असलेल्यांना, दिसतो. मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून लपली होती. नऊशेंपैकी एक तिच्या भावाचा मित्र निघाला. नवव्या दिवशी वृषालीताईंनी तिचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला. कुणी काही फोडलं नव्हतं, चोरलं नव्हतं. यादीच लांब होती. त्याच महिन्यात जलद कामाबद्दल त्यांचं कौतुक झालं. तेव्हापासून त्या थकल्या होत्या आणि हा थकवा झोपून जाणारा नव्हता.

सलमा खाली गेल्या आणि पडद्यावर चाळिसावा निरोप आला. ऋतुजा नावाच्या बाईने लताकाकूंना क्रोशाच्या रुमालाचा नमुना पाठवला होता. 'एक खांब, दोन साखळ्या. एक खांब, सहा साखळ्या. पंचवीस खांब, चार साखळ्या.' असं खाली लांबवर. खांब म्हणजे उभा टाका, साखळ्या म्हणजे त्यांना जोडणारे टाके. वृषालीताईंचं बोट हिरव्या कळेवर गेलं आणि तिथेच थांबलं. त्या स्वतः कॉलेजपासून क्रोशा विणत होत्या. रुमाल गोल असतो, प्रत्येक फेरीत खांब ठरावीक संख्येने वाढतात, तरच तो सपाट बसतो. एका खांबाची ओळ कुणी विणत नाही, आणि तिच्यावर पंचविसांची तर नाहीच नाही.

साखळ्या कुठेही बाराच्या पुढे जात नव्हत्या. बारा म्हणजे बाराखडी. त्यांनी पेन्सिल घेतली. खांब म्हणजे क-ख-ग मधला कितवा वर्ण, साखळ्या म्हणजे कितवी मात्रा. पहिल्याच ओळीत 'का' आला, मग 'कू', मग 'मी'. जोडाक्षरं फोडलेली होती आणि सुट्या स्वरांना नुसत्या साखळ्या होत्या, पण वाचता आलं.

'काकू, मी बरी आहे. गाव सांगत नाही. त्याच्याकडे वाचायचा परवाना आहे. फोनवर साधं काही बोलू नको. हात आता बरा आहे. बाळ माझी आठवण काढतं का?'

वृषालीताईंनी कागद उलटा करून ठेवला. 'तो' म्हणजे नवरा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

नुसती हिरवी कळ दाबून भागणार नव्हतं. विणकामाच्या प्रत्येक संशयित निरोपाला वस्तू विणून तिचा फोटो जोडायचा, असा नवा नियम आला होता. तो पाहून पुण्याच्या फेरतपासणीतली माणसं शिक्का मारायची. त्यांना क्रोशा येत नव्हता, पण वस्तू हवी होती. निरोप हिरव्या कळेसरशी पुढे जायचा, फोटोला मुदत तीन दिवसांची.

वृषालीताई तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत विणत बसल्या. रुमाल होणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्येक ओळ सुटी लोंबती ठेवली. कुठे एका खांबाचा गोंडा, कुठे पंचवीस खांबांची लांब जीभ, मध्ये साखळ्यांची पोकळी. एक खांबही इकडचा तिकडे केला नाही.

"ह्ये काय म्हणायचं?" सलमांनी विचारलं.

"तोरण."

"कुणाच्या दाराला?"

"नव्या पद्धतीचं आहे."

सलमांनी ते हातात धरून लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मग कागदावरच्या अक्षरांकडे त्यांची नजर गेली. "ताई, नोकरी जाईल हो तुमची."

"जाईल."

"मग झालर म्हणा. तोरणाला लोक मापं बघतात. झालर कशी पण असतीया."

पुण्याहून शिक्का आला. शेऱ्यात 'सुबक' असा शब्द होता. त्या दिवशी वृषालीताई बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवल्या. एक बाई कुठेतरी सुखरूप आहे, आणि ती आपल्यामुळे आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

ऋतुजाचा दुसरा नमुना गुरुवारी सकाळी अकराला आला. आता त्यांना पेन्सिलही लागली नाही.

'आज संध्याकाळी तो एकटा असेल. बाळाला तुझ्याकडे आणून ठेव. त्याच्या घराच्या मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली ठेव. या वेळी मी घाबरणार नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. बाळाला न्यायचं असेल तर ती काकूंच्याच घरून नेईल. मग त्याच्या घराची किल्ली कशाला? आणि तो घरात असतानाच का? कागदपत्रं हवी असतील. चार शब्द सुनावायचे असतील. बायका सूड घ्यायलाच जातात असं थोडंच आहे. पण बाळाला आधी बाहेर काढायला सांगणारी बाई नुसती कागद आणायला जाते का?

काकूंचं गाव गाडीने दहा तासांवर होतं. फोन करावा तर वाचन कक्षातल्या माणसाने कुठूनही केलेला प्रत्येक फोन आपोआप नऊशे परवानाधारकांना दिसायचा. लाल कळ दाबली तर ऋतुजाचा ठावठिकाणा नऊशे लोकांबरोबर तिच्या नवऱ्यालाही कळणार होता, तोही सरकारी खर्चाने. हिरवी दाबली आणि संध्याकाळी एक माणूस मेला, तर तोही आपल्यामुळे. वाईट असेल, पण माणूस.

पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी कळ होती. ती वृषालीताईंनी कधीच दाबली नव्हती. ती दाबली की निरोप पाठवणाऱ्याची चारही वर्षं उघडायची. आईशी भांडणं, डॉक्टरला विचारलेले प्रश्न, लिहून पाठवलेलं आणि लिहून पुसलेलंसुद्धा. परवानाधारक निळी कळ केव्हाही दाबू शकत होता. ऋतुजाच्या नवऱ्याने ती कितीदा दाबली असेल कोण जाणे, म्हणून तर ती बाई बाराखडी विणत बसली होती. आणि तिच्या मनात आज खरंच काय आहे हे जाणून घ्यायला वृषालीताईंजवळ दुसरा मार्ग नव्हता.

सलमा कसलासा अहवाल घेऊन वर आल्या, पडद्यावरच्या खांब-साखळ्या बघून दारातच उभ्या राहिल्या.

"परत झालर का?"

वृषालीताईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. सगळं सांगायला दोन मिनिटं लागली. सलमांनी अहवाल मेजावर ठेवला. घड्याळात साडेअकरा होत होते.

बोट निळ्या कळेवर ठेवूनच वृषालीताईंनी विचारलं, "सलमा, तुझी चार वर्षं कुणी अशी बसून वाचली, तर आज संध्याकाळी तू काय करणार आहेस ते त्याला कळेल का गं?"