करमाडहून आलेली बुडत्या बोटीची हाक

खंडेनवमीच्या सकाळी करमाडच्या पोलीस ठाण्यात फोन वाजला. फोन समुद्रकिनाऱ्यावरच्या बचाव केंद्राचा होता.

"तुमच्या हद्दीत एक बोट बुडतेय," पलीकडचा अधिकारी म्हणाला.

सहायक फौजदार आप्पासाहेब काकडेंना वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. करमाडच्या आसपास विहिरी सोडल्या तर बुडण्यासारखं काही नव्हतं.

पण ती चेष्टा नव्हती. रत्नागिरीच्या 'भगवतीप्रसाद' या मासेमारी बोटीचं बीकन हाक देत होतं. बोट बुडाली की हे यंत्र भिजतं, आपोआप सुरू होतं आणि उपग्रहामार्फत आपली जागा कळवतं. आज त्यानं जागा कळवली होती ती करमाडची.

"आणि बोट कुठं आहे?"

"समुद्रात. हवा वादळी आहे. परवापासून वायरलेसला उत्तर नाही. चौघं आहेत तिच्यावर. एक तुमच्याच गावचा. ऋतुराज शेजूळ."

आप्पासाहेब शिपाई तनुजाला घेऊन शेजुळांच्या घरी गेले.

ओसरीवर ऋतुराजच्या आईनं, मनकर्णाबाईनं, पाट मांडला होता. पाटावर विळा, कुदळ, कोयता. सगळं धुतलेलं, हळदकुंकू लावलेलं. मधोमध एक पिवळं यंत्र. त्याला झेंडूचा हार घातला होता आणि त्यावरचा दिवा लुकलुकत होता.

"हे कुठून आलं, मावशी?"

"माळ्यावर व्हतं. बोटीवरचं दिसतंय म्हणून लेकाचं हत्यार समजून बादलीत बुचकळून धुतलं. तवापासून बंदच व्हईना. म्या म्हणलं, देवी पावली."

तनुजाला हसू आलं. आप्पासाहेबांना आलं नाही. त्यांची बायको रूपा खंडेनवमीला त्यांच्या बेड्या, शिट्टी, टॉर्च सगळं धुवायची. एकदा तिनं वॉकीटॉकीही धुतला होता. ती गेल्यापासून त्यांच्या घरात कोणी काही धूत नव्हतं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मनकर्णाबाईचा जावई सत्यम आला. तो शहरात गुलमंडीतल्या एका दुकानात रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचा आणि हंगामाआधी रत्नागिरीला जाऊन बोटींवरची यंत्रं पाहायचा. ऋतुराजला बोटीवर त्यानंच लावलं होतं.

"बोटमालकाचा सकाळी फोन आला. तसाच निघालो, साहेब," तो म्हणाला.

"हे बोटीवर का नाही?"

"भंगार आहे ते. बॅटरी मेलेली. मी नवीन बसवलंय. त्याचे कागद व्हायचेत, म्हणून बचाव केंद्रात अजून जुन्याचाच नंबर आहे."

"मग हे इथं कसं?"

"ऋतुराज गणपतीत आला तवा घेऊन आला. त्यानंच माळ्यावर टाकलं."

"आणि बोट बुडाली असेल तर?"

"नवीन यंत्र ओरडंल की. ओरडलं नाही म्हणजे पोरं सुखरूप हैत. मालकाला हेच सांगितलं मी."

"तुमच्या तोंडात साखर पडो, बापू," मनकर्णाबाई म्हणाली.

आप्पासाहेबांनी केंद्राला फोन लावला. मालकाचा निरोप तिथं पोचला होता. "बोटीवरचं नवीन बीकन शांत आहे," अधिकारी म्हणाला. "इतक्या वाईट हवेत उगाच माणसं पाठवता येत नाहीत. वाट बघतोय."

आप्पासाहेबांनी शिडी लावली आणि ते माळ्यावर चढले. वर कुबट वास होता. गोधड्यांवर काळे डाग पडले होते. कोपऱ्यातली एक बॅग बुरशीनं भरली होती.

"मावशी, हे कशानं झालं?" त्यांनी वरूनच विचारलं.

"गौरी गेल्या अन् लई पाऊस आला. पत्रा उडाला. माळ्यावर निस्तं तळं झालं. ऋतुराज आदल्या दिवशीच गेला व्हता. त्याची बॅग पार कुजली."

"पत्रा कोणी बसवला?"

"दुसरं कोण? जावईबापूंनी. पितरपाटात आले व्हते तवा."

आप्पासाहेब खाली उतरले. हात झटकले.

"बस, सत्यम."

"उभा आहे ते बरंय, साहेब."

"बस म्हणलं ना. बॅटरी मेलेलं यंत्र उपग्रहाला हाक कशी मारतं?"

"असंल थोडी उरलेली."

"ठीक. गणपतीपासून हे माळ्यावर होतं म्हणतोस. त्या पावसात माळ्याचं तळं झालं. गोधड्या भिजल्या, बॅग कुजली. मग हे तेव्हा का ओरडलं नाही? भिजलं की ओरडायचं, एवढंच तर त्याचं काम."

सत्यम खिशातली मोटारसायकलची किल्ली चाचपू लागला.

"कारण तेव्हा ते इथं नव्हतंच. ऋतुराजनं आणलं नाही. पावसानंतर या माळ्यावर एकच माणूस चढला, पत्रा बसवायला. नवीन यंत्राचे कागद व्हायचेत म्हणालास. यंत्र तरी आहे का?"

सत्यमनं सासूकडं पाहिलं आणि खाली बसला.

"बॅटरी बदलायला आणलं होतं. बदललीही. पण परत न्यायच्या आत मालकानं बोट काढली. कोणाला कळू नये म्हणून मी आधीच तिथं नुसतं मोकळं खोकं लावून आलो होतो. दुकानात शेठ बघंल म्हणून हे इथं लपवलं. वाटलं, बोट परत आली की गुपचूप बसवू."

"म्हणजे बोटीवर काहीच नाही?"

"नाही."

"अन् तू सकाळी सांगितलंस, पोरं सुखरूप आहेत."

"घाबरलो, साहेब."

आप्पासाहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी फोन कानाला लावला होता. "बोटीवर बीकन नाही. पुन्हा सांगतो, नाही. ते बुडाले तरी तुम्हाला काही ऐकू येणार नाही. आत्ता निघा."

मग सगळे ओसरीवर बसून राहिले. मनकर्णाबाई रडली नाही. तिनं जावयाला पाणीही विचारलं नाही.

उन्हं कलताना फोन आला. आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"सापडले, मावशी. बोट बुडाली. डिझेलच्या कॅनांना धरून तिघं तरंगत होते. ऋतुराज आहे."

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग विचारलं, "चौथा?"

"नदीम नावाचा पोरगा. रात्रभर धरून होता. आज उन्हं वर आल्यावर हात सुटला."

सत्यमनं मान गुडघ्यात घातली. सकाळी, उन्हं वर येण्याआधीच, त्यानं मालकाला फोनवर खोटं सांगितलं होतं.

"त्या पोराला माय हाय का?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"आहे म्हणतात."

"तिला सांगितलं का कुणी?"

"अजून नाही."

मनकर्णाबाई उठली आणि सत्यमपुढं जाऊन उभी राहिली.

"जावईबापू सांगतील," ती म्हणाली. "फोन लावून द्या, साहेब."