हात काढल्यावर

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे भाषाही साधीच आहे. पण कारखान्यातल्या जुन्या कारागीर काकांचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या कारखान्यात औषध देणारे पंप बनतात. औषध ठरलेल्या वेळीच सुटायला हवं, म्हणून पंपातल्या चिपमध्ये वेळ मोजणारा टायमर असतो. जुनी चिप मिळेनाशी झाली, नवी आली. तिच्यात दोन टायमर. मी आमचा प्रोग्रॅम त्यातल्या वेगवान टायमरला जोडला. दुसऱ्या दिवशी तो पंप इस्पितळात माझ्या आजारी आईच्या उशाशी लागणार होता.

संध्याकाळी शेवटची तपासणी करत होतो. पंपावरचा हिरवा दिवा दर सेकंदाला लुकलुकतो. तो नीट दिसावा म्हणून खोलीतले दिवे मालवले होते.

“भुतासारखा अंधारात काय बसलायस रे?” मालकीणताई निघताना म्हणाल्या.

“झालंच, ताई.”

जिन्यावरची त्यांची पावलं विरली. मी एकेक बटण दाबून पाहत होतो. अचानक, तारा जोडायला डाख देताना उठतो तसा राळेचा वास आला. डाख द्यायचं हत्यार तर केव्हाच थंड झालं होतं.

ठक... ठक... ठक...

मागच्या टेबलावर कुणीतरी स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत होतं. दिव्याच्या तालात. दर दहावा ठोका जोरात. अशी तपासणी फक्त काका करायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

“काका...?”

भीतीनं माझे हात पंपावरून निघून छातीशी आले. मागे वळायचं धाडस होईना. समोरच्या दिव्याकडेच बघत राहिलो.

ठोके तसेच चालू होते. दिवा मात्र मागे पडू लागला...

बटण दाबलं, की तो पुन्हा ठोक्यांच्या चालीनं चाले. हात काढला, की रेंगाळे.

तेव्हा कळलं. तपासताना आम्ही कायम बटणं दाबत असतो. कुणी हात लावला नाही, की चिप वीज वाचवायला डुलक्या घेते, आणि तेवढा वेळ तो वेगवान टायमर थांबतो. रात्रभर आईजवळ बसून बटणं कोण दाबणार होतं? तिचं औषध उशिरा सुटलं असतं... फार उशिरा.

लगेच ताईंना फोन केला. “हात लावला की चालतो, ताई. सोडला की झोपतो.”

“म्हणजे तुझ्यासारखाच!” त्या म्हणाल्या, पण आल्या धावतच. त्यांनी दार उघडताच ठोके थांबले. आम्ही दोघांनी मिळून चिप झोपलेली असतानाची वेळ दुसऱ्या, हळू पण जागत्या टायमरकडे सोपवली. मग पंप एकटा सोडून दार लावून घेतलं. सकाळी त्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी चोख जुळली.

तो घेऊन मी वॉर्डात गेलो. नर्सनं तो लावला. आई गाढ झोपेत होती. तिचं बोट पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटत होतं. दिव्याच्या तालात. दहावा ठोका जोरात.

आईनं काकांना कधी पाहिलंही नव्हतं.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, रिकामी ठेवली, आणि स्वतः उभा राहिलो.