गच्चीवरचा खोटा ढग

दुपारचे तीन वाजले, की घरचा यंत्रमानव राखण्या गच्चीवरच्या कुरडया गोळा करू लागे. आभाळात ढगाचा ठिपकाही नसे, तरी. अर्धओल्या कुरडया तो डब्यात रचून ठेवी आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा गोळा झालेला असे.

"रविवारी भंगारवाला येतोय," उर्वीची आई म्हणाली. "आणखी एक घाणा वाया गेला, तर हा यंत्रमानव त्याच्या गाडीत."

उर्वीने आजोबांकडे पाहिले. आप्पांनी आयुष्यभर यंत्रमानवांवर संशोधन केले होते. पण सुनेपुढे बोलायचे त्यांच्या जिवावर येई.

तीन वाजता दोघे गच्चीवर जाऊन बसले. समोरच्या इमारतीवरची नवी सूर्यतबकडी (सूर्याकडे तोंड फिरवत ऊन गोळा करणारी तबकडी) हळूच वळली आणि तिची सावली गच्चीच्या एका कोपऱ्यावर पडली. राखण्या लगेच कामाला लागला.

"सावलीला ढग समजतोय वेडा," उर्वी म्हणाली. "ज्यांनी बनवला त्यांना सांगा ना."

"कुणा एकाने नाही बनवला. याची आज्ञावली (यंत्राने काय करायचे त्या सूचना) मुक्तस्रोत आहे. म्हणजे सगळ्यांसाठी उघडी. कुणीही वाचावी, सुधारावी."

"फुकट? कोण करतं असं?"

आप्पांना लहानपणची गच्ची आठवली. एका घरी चीक शिजला, की आळीतल्या बायका न बोलावता येत. कुणी घोटी, कुणी सोऱ्या फिरवी. उद्या दुसऱ्या घरी. त्या गच्च्या गेल्या, त्या बायकाही गेल्या.

"करायचे लोक," ते म्हणाले. "आधी आज्ञावलीच्या संकेतस्थळावर बघ, ही अडचण आणखी कुणी मांडलीय का."

कुणीच मांडली नव्हती. मग उर्वीने काय घडते, केव्हा घडते, ते फोटोसह नोंदवले. आज्ञावलीची स्वतःची प्रत करून घेतली, म्हणजे चुकले तरी मूळ शाबूत. त्यात एकच सूचना घातली: दुपारी तीन ते चार या वेळात कुरडया उचलू नकोस. आणि बदल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांचे (आलेले बदल पारखणाऱ्यांचे) उत्तर आले. व्हिएतनामच्या लानबाईंनी लिहिले होते, 'छान शोधलंस. पण साडेतीनला खरा पाऊस आला तर? आणि माझ्याकडे सावली सकाळी पडते.'

"नापास केलं मला," उर्वी पडेल आवाजात म्हणाली.

"छे गं. आमच्या आळीतल्या जनाकाकू म्हणायच्या, 'चीक अजून घोट.' 'घरी जा' नव्हत्या म्हणत."

उर्वी पुन्हा गच्चीवर गेली. चारी कोपऱ्यांत राखण्याचे उजेड मोजणारे डोळे बसवलेले होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"आप्पा, सावली एकच कोपरा झाकते. ढग सगळी गच्ची झाकतो. चारी डोळे अंधारले तरच उचलायचं."

तिने ते आधी घरीच करून पाहिले. डोळ्यांवर एकेक करून टॉवेल टाकले. चौथा पडताच राखण्या धावला. मग तिने बदल पाठवला आणि लानबाईंनी तो मूळ आज्ञावलीत घेतला, खाली उर्वीच्या नावासकट.

रविवारी सावली आली आणि गेली. राखण्या जागचा हलला नाही. आईने एक कुरडई मोडून पाहिली, कडक वाजली. भंगारवाल्याला तिने जुना कूलर दिला.

संध्याकाळी पेरू देशातल्या एका मुलीचा निरोप आला. ती बटाटे वाळवते. तिच्या यंत्राला दोनच डोळे आहेत. तिने काय करावे?

आप्पा उत्तर सांगू लागले.

"थांबा हो," उर्वी म्हणाली. "आधी विचारू दे, तिच्याकडे सावली कशाची पडते ते."