हातांवर जागा राहिलेला मेंदू

चांद्रस्थानकाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर चितळकर आणि संशोधक शलाका यांची सकाळपासून जुंपली होती. हृदय थांबलेल्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर दाबली की झालं, त्यात मोजायचं काय, असं डॉक्टरांचं म्हणणं. शलाकाने त्यांच्याच गळ्यात मेंदूकडे जाणारं रक्त मोजणारी आपली प्रवाहपट्टी बांधली आणि सांगितलं, की छाती किती दबली यापेक्षा मेंदूला रक्त किती पोचलं ते महत्त्वाचं. निरोगी माणसाचा आकडा शंभर. चाळिसाच्या खाली मेंदू फार वेळ तगत नाही.

डॉक्टर हसले आणि हसता हसताच कोसळले.

स्थानकावर दुसरा डॉक्टर नव्हता. शलाका आणि यंत्रज्ञ आसिफ मुल्ला यांनी त्यांना मांडणीच्या खालच्या फळीवर निजवलं. झटका देणाऱ्या यंत्राने झटक्याचा उपयोग नाही म्हणून कळवलं. शलाका छाती दाबू लागली. आकडा अठराच. इथे तिचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाएवढं. दाबलं की तीच वर उचलली जायची. मग ती दोन फळ्यांच्या मध्ये शिरली आणि वरच्या फळीला पाठ टेकवून रेटू लागली.

एकोणपन्नास. आसिफने पट्टीच्या पडद्याकडे पाहून तिला दर दाबानंतर हात पुरता सैल सोडायला सांगितलं. ऐंशी.

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि ते तिचे हात ढकलू लागले.

"सोड, शलाका. शुद्धीवर आले ते," आसिफ म्हणाला.

ती सोडणारच होती. पण पडद्यावरची प्रत्येक लाट तिच्या दाबाची होती. मध्ये सपाट रेघ. हृदय बंदच होतं. मेंदू तेवढा तिच्या हातांवर जागा होता.

"आले नाहीत, आपण आणलंय," ती धापा टाकत म्हणाली. "डॉक्टर, तुमचं हृदय बंद आहे. मी थांबले की तुम्ही जाल. काय झालंय ते तुम्हीच सांगा."

हे डोक्यात शिरायला त्यांना चार-पाच दाब लागले.

"पायात गोळे येत होते... पोटॅशियम घेतलं... जास्तच. त्यानेच हृदय थांबलं. कॅल्शियम दे. दंडात."

स्थानकावरच्या प्रत्येकाच्या दंडात औषधनळी बसवलेली होतीच. आसिफने कॅल्शियमची कुपी तीत रिकामी केली. शलाका दाबत राहिली. थोड्या वेळाने दोन दाबांच्या मध्ये एक लहानशी लाट उठली. मग दुसरी. तिने जीव मुठीत धरून हात उचलले. आकडा पडला नाही.

संध्याकाळी पृथ्वीवरच्या संगणकाने या घटनेचा अहवाल दोनदा परत पाठवला. रुग्ण आणि निदान करणारे डॉक्टर यांचं नाव एकच कसं?

"तसंच राहू दे, पोरी," बरगड्या सांभाळत डॉक्टर म्हणाले. "शेरा लिही. निदानाच्या वेळी डॉक्टरांचं हृदय बंद होतं."